बड्या घरच्या बायका आणि पस्तीस सेंटची बरणी : प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५

प्रकल्पाची हद्द आज पक्की केली. जुन्या जाहिरातींत रोजच्या वस्तूंची शिफारस करणारी श्रीमंत माणसं, हा विषय हातात घेतला की पसरतच जातो. साबण, गाद्या, यीस्ट, सिगारेटी, जिकडे बघावं तिकडे कुणी तरी उमराव नाही तर उमरावाची बायको उभी आहे. म्हणून मध्यावर एकच मोहीम ठेवायची : अमेरिकेतल्या पॉन्ड्स क्रीमच्या १९२४पासूनच्या जाहिराती. तिच्या आधीचं थोडं, नंतरचं थोडं, आणि एक फलक आपल्याकडचा.

प्रदर्शन उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण लागणार वाचनालयाच्या सभागृहात. म्हणजे सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा बघणार, मासिकं बदलायला येणाऱ्या काकू बघणार. मजकूर उभ्या उभ्या वाचून झाला पाहिजे. एका फलकावर दीडशे शब्दांपुढे जायचं नाही असं ठरवलं आहे.

पॉन्ड्स निवडली कारण तिथे तफावत डोळ्यांत भरते. वस्तू अगदी मामुली : बरणी ३५ किंवा ६५ सेंटला, ट्यूब २५ सेंटला, औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळणारी. आणि शिफारस करणाऱ्या कोण, तर व्हँडरबिल्ट या अमेरिकेतल्या धनाढ्य घराण्याची सून, फ्रेंच डचेस, रुमानियाची राणी. यांच्याकडे जगातलं हवं ते क्रीम घ्यायला पैसा होता. मग या बायका पस्तीस सेंटच्या बरणीशेजारी येऊन का बसल्या? गिऱ्हाइकाला काय हवं होतं हे जाहिरातीच्या इतिहासात पुष्कळ सांगितलं जातं. मला दुसऱ्या बाजूने विचारायचं आहे. साक्ष देणारीला काय हवं होतं?

११ जुलै

आज फक्त बरणीतल्या मालावर काम केलं. हा फलक विद्यार्थ्यांना रुक्ष वाटेल, तरी तो पहिलाच हवा.

कोल्ड क्रीम म्हणजे मेण, तेल आणि पाणी यांचं एकजीव मिश्रण. त्या काळची सर्वसाधारण कृती अशी : मधमाशांचं मेण खनिज तेलात वितळवायचं, टाकणखार विरघळवलेलं गरम पाणी त्यात ओतत घोटत राहायचं. टाकणखार आणि मेणातली आम्लं यांच्यातून थोडा साबण तयार होतो आणि तो तेल-पाण्याला धरून ठेवतो. चेहऱ्याला लावलं की पाणी उडून जातं आणि गार वाटतं. व्हॅनिशिंग क्रीमचा पाया वेगळा : स्टिअरिक आम्ल, थोडा क्षार, ग्लिसरीन आणि भरपूर पाणी. चोळलं की दिसेनासं होतं, चेहरा तेलकट राहत नाही, वर पावडर नीट बसते. रात्री पहिलं लावून चेहरा साफ करायचा, दिवसा दुसरं लावून बाहेर पडायचं. 'प्रत्येक सामान्य त्वचेला ही दोन्ही क्रीम लागतात' हे १९१०च्या दशकातल्या जाहिरातींचं सूत्र होतं आणि ते चांगलं चाललं, कारण एका गिऱ्हाइकाला दोन बरण्या विकल्या जात.

कंपनीचं मूळ औषधात आहे. थेरॉन पॉन्ड या माणसाने १८४६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी विच हेझल नावाच्या झुडपाचा अर्क काढून विकायला सुरुवात केली, भाजण्या-कापण्यावर लावायला. जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात एजन्सीकडे हे काम १८८६पासून होतं. क्रीम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली.

फलकावर ठळक काय हवं, तर हे : असा माल कुठल्याही बऱ्या औषधविक्याला बनवता आला असता. फरक पाडायचा तर तो बरणीच्या बाहेरच पाडावा लागणार होता.

१६ जुलै

पेअर्सचा फलक. आटोपशीर ठेवला आहे, कारण ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. इंग्लंडमध्ये पेअर्सच्या जाहिराती बघणाऱ्या थॉमस बॅरट यांनी १८८२मध्ये लिली लँगट्री या सौंदर्यासाठी गाजलेल्या नटीकडून साबणाची शिफारस घेतली. प्रिन्स ऑफ वेल्सशी तिचं नाव जोडलेलं होतं, तेव्हा राजवाड्याचा सुगंध आपोआप साबणाला लागला. अमेरिकेत हेन्री वॉर्ड बीचर या प्रसिद्ध धर्मोपदेशकाचीही साक्ष पेअर्सने वापरली.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हॅरी फर्निस यांचं व्यंगचित्र. १८८४मध्ये 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकात आलं. एक कळकट भटक्या पत्र लिहितो आहे की दोन वर्षांपूर्वी तुमचा साबण वापरला, त्यानंतर दुसरा वापरलेलाच नाही. पेअर्सने ते चित्रच जाहिरातीसाठी घेतलं. म्हणजे शिफारशीवर लोक हसायला लागले होते आणि तरी शिफारस चालत होती. पॉन्ड्सच्या आधी चाळीस वर्षं. हे चित्र मोठं छापायचं.

२२ जुलै

आजचा दिवस थॉम्प्सन एजन्सीत जाहिराती लिहिणाऱ्या हेलन लॅन्सडाउन रिझर यांच्यासाठी.

१९२३च्या सुमाराला पॉन्ड्सची गाडी अडली. एलिझाबेथ आर्डन, हेलेना रुबिनस्टाइन यांची महागडी क्रीम बाजारात आली होती. बायकांना वाटू लागलं की जे स्वस्त ते साधं, आणि साधं ते आपल्याला नको. माल तोच होता, किंमतही तीच होती. किंमतीचा अर्थ बदलला होता. अशा वेळी कंपन्या दर वाढवतात, नाहीतर नवी बाटली काढतात. रिझरबाईंनी बरणी आणि दर दोन्ही जागच्या जागी ठेवले आणि बरणीशेजारी बसणारी बाई बदलली.

या बाई १८८६मध्ये केंटकीत जन्मल्या. घरची सुबत्ता नव्हती, लहान वयात नोकरीला लागल्या. सिनसिनाटीत जाहिराती लिहू लागल्या, तिथून थॉम्प्सनच्या न्यूयॉर्क कचेरीत आल्या. वुडबरी साबणाची 'स्पर्श करावासा वाटेल अशी त्वचा' ही १९११ची ओळ त्यांच्याच काळातली आणि त्यांच्याच हाताखालची. १९१७मध्ये एजन्सीचे प्रमुख स्टॅन्ली रिझर यांच्याशी लग्न झालं. हेलनबाईंनी एजन्सीत बायकांचा स्वतंत्र लेखन विभाग उभा केला. घरात लागणाऱ्या वस्तू बायका विकत घेतात, तेव्हा त्यांच्याशी बोलायचं काम बायकांनीच करावं, हा त्यांचा आग्रह होता. मताधिकाराच्या चळवळीत त्या स्वतः होत्या, न्यूयॉर्कच्या मोर्च्यांत एजन्सीतल्या बायकांना घेऊन चालल्या होत्या. हे पुढच्या फलकासाठी ध्यानात ठेवायचं, कारण पहिली बडी साक्षीदार त्यांना याच वाटेने मिळाली.

एक तपशील मला सोडवत नाही. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांनी १९२३च्या सुमाराला थॉम्प्सनसाठी पहिलं मोठं काम केलं ते जर्गेन्स लोशनचं : बटाटे सोलणारे हात. ते हात हेलन रिझर यांचे होते. सुरी ज्या सराईतपणे चालत होती त्यावरून स्टायकनना कळलं की या बाईने हे काम पूर्वी केलेलं आहे. एजन्सीच्या मालकीणबाई, पण सुरी कशी धरायची हे हात विसरले नव्हते. घरकामाने खरखरीत झालेल्या हातांना काय हवंसं वाटतं हे त्यांना कुणी सर्वेक्षण करून सांगायची गरज नव्हती. हा फोटो मध्यभागी लावायचा, आजूबाजूला दुसरं काही नको.

२९ जुलै

अल्वा बेलमाँट. या फलकावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो गेलाच पाहिजे.

१८५३ साली अलाबामातल्या मोबील गावी जन्म. १८७५मध्ये विल्यम के. व्हँडरबिल्टशी लग्न. १८८३मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या नव्या हवेलीत असा नाच-समारंभ दिला की जुन्या घराण्यांनी व्हँडरबिल्टांना नाक मुरडणं बंद केलं. १८९५मध्ये घटस्फोट, जो त्या वर्तुळात बाईने स्वतः होऊन घ्यायची रीत नव्हती. पुढच्याच वर्षी ऑलिव्हर बेलमाँटशी लग्न. तो १९०८मध्ये वारला आणि त्यानंतर बाईंनी आपला पैसा, वेळ आणि भांडखोर स्वभाव स्त्रियांच्या मताधिकारासाठी लावला. न्यूपोर्टमधल्या संगमरवरी वाड्याच्या आवारात सभा घेतल्या. 'व्होट्स फॉर विमेन' असं छापलेली चिनी मातीची भांडी करून घेतली. १९२०मध्ये अमेरिकेत स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळाला तरी थांबल्या नाहीत. १९२१पासून नॅशनल विमेन्स पार्टीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्या पक्षाने १९२३मध्ये समान हक्कांची घटनादुरुस्ती काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, आणवली.

अशी बाई १९२४च्या सुरुवातीला 'लेडीज होम जर्नल'मध्ये कोल्ड क्रीमबद्दल बोलते. वय ७१. मोबदला त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही, स्त्रियांच्या चळवळीसाठी देणगी म्हणून घेतला.

मला ही जाहिरात पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. ती मुलाखतीसारखी लिहिलेली आहे : मिसेस बेलमाँट यांच्याशी त्वचेच्या निगेबद्दल बातचीत. आणि त्यांचा चेहरा कुठेच नाही. स्वतःचा फोटो छापू द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांच्या घरातल्या ग्रंथालयाचा फोटो टाकला. चेहऱ्याच्या क्रीमची जाहिरात, चेहऱ्यावाचून. नाव आणि खोली एवढ्यावर काम भागलं. या एका पानावरून विद्यार्थ्यांना जाहिरातीबद्दल जेवढं शिकता येईल तेवढं पुस्तकातून येणार नाही. विकला जात होता तो चेहरा नव्हताच. ज्या घरात आपल्याला कधी कुणी बोलावणार नाही, त्या घरात ठेवलेली एक वस्तू आपल्या फळीवरही आहे, एवढं समाधान पस्तीस सेंटना मिळत होतं.

आणि बाईंचं काय? त्यांनी चाळीस वर्षं कमावलेलं नाव पक्षाच्या तिजोरीसाठी भाड्याने दिलं. माझ्या मते हा चोख व्यवहार होता. चळवळीला पैसा लागतो आणि तो कुठून तरी आणावा लागतो.

फलकाच्या खालच्या कडेला आज पहिल्यांदा एक पट्टी आखली : 'हिला काय हवं होतं?' आणि समोर एक-दोन ओळींत उत्तर. प्रत्येक फलकाला ही पट्टी द्यायची.

४ ऑगस्ट

दिवस स्कॅन साफ करण्यात गेला. जुन्या मासिकांतले फोटो हाफटोन ठिपक्यांनी छापलेले असतात. स्कॅन दोन फूट बाय तीन फुटांवर नेला की ठिपके एकमेकांत गुंततात आणि गालावर जाळी उमटते. थोडं धूसर करून मग धार दिली तर जाळी जाते, पण मोत्यांची चमकही जाते. मोती गेले तर उरलं काय? शेवटी जाळी थोडी राहू दिली. सभागृहात बघणारा पाच-सहा फुटांवरून बघणार.

हक्कांचा प्रश्न बघून घेतला. अमेरिकेत प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी असं साहित्य मोकळं होतं, तेव्हा १९२९पर्यंतची पानं निर्धास्त छापता येतात. १९४०च्या दशकातली पानं छापणार नाही, शब्दांत सांगेन.

साफ करताना पानांच्या तळाचं कूपन नीट पाहिलं. ठिपक्यांची चौकट, आत नाव-पत्त्यासाठी ओळी, 'हे कूपन भरून पाठवा, दोन्ही क्रीमच्या नमुन्याच्या ट्यूब मिळतील', खाली पॉन्ड्स एक्स्ट्रॅक्ट कंपनी, हडसन स्ट्रीट, न्यूयॉर्क. पत्त्यात 'डिपार्टमेंट' आणि पुढे एक अक्षर. हे अक्षर म्हणजे खूण. कुठल्या मासिकातल्या कुठल्या पानावरून पत्र आलं ते त्यावरून मोजता येई. राणीच्या नावावर जास्त कूपनं येतात की व्हँडरबिल्टांच्या, याचा हिशेब एजन्सी ठेवत होती. वाचणारीला वाटे आपण राणीच्या सल्ल्यावरून नमुना मागवतो आहोत. तिकडे टपाल फोडणारा कारकून राणीलाच गुण देत होता.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : एकाच क्रीमसाठी दोन वेगळ्या साक्षीदार, दोन वेगळी अक्षरं असलेली कूपनं तयार करा.

१२ ऑगस्ट

अल्वाबाईंनी दार उघडलं आणि पाठोपाठ बाकीच्या आल्या. डचेस द रिशल्यू, इंग्लंडच्या लेडी डायना मॅनर्स, थिओडोर रूझवेल्ट यांची कन्या अॅलिस लाँगवर्थ, मिसेस रेजिनाल्ड व्हँडरबिल्ट. सगळ्यांना फलक देता येणार नाही. दोघी निवडल्या.

रुमानियाची राणी मेरी. व्हिक्टोरिया राणीची नात, आईकडून रशियाच्या झारची नात. पहिल्या महायुद्धानंतर रुमानियाचा मुलूख वाढला होता आणि तिजोरी आटली होती. राणी स्वतः लेखिका होती, अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी लिहीत असे. १९२६मध्ये ती अमेरिकेच्या दौऱ्यावर आली तेव्हा हा सगळा खटाटोप कर्जासाठी आहे अशी चर्चा तिथल्या पत्रांत रंगली. क्रीमची शिफारस त्याच्या आधीची. सिंहासनावरच्या राणीने औषधाच्या दुकानातल्या बरणीला नाव द्यावं याचा अनेकांना धक्का बसला. मला त्यात राणीची हुशारी दिसते. दूरच्या, फारशा कुणाला नकाशावर न सापडणाऱ्या देशाची राणी लाखो अमेरिकी घरांत दर महिन्याला पोचत होती.

दुसरी ग्लोरिया मॉर्गन व्हँडरबिल्ट, म्हणजे मिसेस रेजिनाल्ड. १९२३मध्ये लग्न झालं तेव्हा वय विशीच्या आत. नवऱ्याने वारसा जुगारात आणि घोड्यांत उडवलेला. १९२५मध्ये तो वारला. आडनाव होतं, हाती रोकड नव्हती. मुलीच्या नावे न्यासात पैसा होता आणि त्याच मुलीच्या ताब्यावरून १९३४मध्ये जो खटला चालला त्याने अख्खी अमेरिका ढवळून निघाली. पट्टीत काय लिहायचं हा प्रश्नच पडला नाही.

जाता जाता : तीच मुलगी, धाकटी ग्लोरिया व्हँडरबिल्ट, मोठी होऊन १९७०च्या दशकात जीन्सच्या मागच्या खिशावर आपलं नाव घेऊन आली. ती जीन्स काढणारी कंपनी भारतीय वंशाच्या मुरजानींची. आईने नाव बरणीला दिलं, मुलीने कापडावर शिवलं.

१९ ऑगस्ट

छापखान्यात गेलो. गणपती तोंडावर आलेले, सगळी यंत्रं मंडळांच्या फ्लेक्सवर लागलेली. आमचे सनबोर्ड विसर्जनानंतरच मिळणार. थांबलो तेवढ्यात एक फ्लेक्स उलगडताना पाहिला : मध्ये गणराय, कडेने शुभेच्छुकांचे गोल फोटो, ज्याची वर्गणी मोठी त्याचा गोल मोठा. मंडळाला वर्गणी मिळते, शुभेच्छुकाला बाप्पाशेजारची जागा. दोघांनाही हे ठाऊक असतं, बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. पॉन्ड्सच्या पानावर हा देवघेवीचा भाग झाकलेला होता, एवढाच फरक. छापखान्याच्या काकांना आमचा विषय सांगितला तर म्हणाले, "म्हणजे राणीसाहेबांचा गोल केवढा ठेवायचा ते सांगा."

२५ ऑगस्ट

विद्यार्थ्यांना आज पानं दाखवली. पहिलाच प्रश्न एका मुलीचा : "सर, त्यांनी खरंच लावलं असेल का?"

याच प्रश्नावर त्या काळी वाद पेटला होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस शिफारशींचा सुकाळ झाला. कॉन्स्टन्स टॅलमॅज ही सिनेमानटी तर एका मासिकाच्या एकाच अंकात आठ वेगवेगळ्या वस्तूंची शिफारस करताना दिसली. जाहिरात धंद्यातलेच लोक म्हणू लागले की हे विकतचे शब्द सगळ्या धंद्याचं नाव घालवतील. स्टॅन्ली रिझर यांनी १९२९मध्ये बचाव मांडला. त्याचा सारांश असा : माणूस सतत कुणा तरी अधिकारी माणसाचा शब्द शोधत असतो, आणि जे आपल्याहून रुचीने, ज्ञानाने, अनुभवाने वरचढ वाटतात त्यांचं अनुकरण करतो. माणसाच्या स्वभावाबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे. पण या बचावात पैशाचा उल्लेख नसावा हे मला पटत नाही. देवाणघेवाण उघड सांगितली असती तर अल्वाबाईंच्या जाहिरातीचं वजन वाढलंच असतं, कमी झालं नसतं : ही बरणी घ्या, माझा मोबदला स्त्रियांच्या हक्कांसाठी गेला आहे.

कायद्याने तेव्हा वेगळी वाट धरली. क्युटेक्स नेलपॉलिशची मालक असलेल्या नॉर्थम वॉरन कंपनीला फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने हुकूम दिला की शिफारशीसाठी पैसे दिले असतील तर तसं छापा. प्रकरण अपील न्यायालयात गेलं आणि १९३२मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. शिफारस खोटी आहे असं कमिशनचं म्हणणंच नव्हतं. मत प्रामाणिक असेल तर त्याचे पैसे घेतले म्हणून ते फसवणूक ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं.

आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जबाबदारी थेट शिफारस करणाऱ्यावरही टाकली. जाहिरात दिशाभूल करणारी निघाली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय शिफारस करायला एक वर्षाची आणि पुढे तीन वर्षांपर्यंतची बंदी. नीट चौकशी करून शिफारस केली होती हे दाखवता आलं तर सुटका. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करायला सांगितलं. त्या मुलीने विचारलेला प्रश्न आता सरकारी प्राधिकरणही विचारू शकतं.

३० ऑगस्ट

घरात गौरीची तयारी चालू आहे, पण आपल्याकडचा फलक आज पुरा करायचाच होता.

धागा थेट आहे. ज्या थॉम्प्सन एजन्सीने राणी आणि डचेस आणल्या तिने १९२९मध्ये मुंबईत कचेरी उघडली. त्याच एजन्सीने अमेरिकेत लक्स साबणासाठी उमरावांच्या जागी सिनेमातल्या तारका बसवल्या होत्या : दहापैकी नऊ तारका लक्स वापरतात. घराण्याची जागा पडद्याने घेतली. भारतात लक्सच्या जाहिरातीत आलेली पहिली भारतीय तारका म्हणजे आपल्या लीला चिटणीस, १९४१मध्ये. जन्म धारवाडचा, बी.ए. झालेल्या, आधी मराठी रंगभूमीवर, मग बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन'मुळे देशभर माहीत. त्याआधी १९३७च्या 'जंटलमन डाकू' या बोलपटाच्या जाहिरातीत त्यांची ओळखच महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर 'सोसायटी लेडी' अशी करून दिली गेली होती. न्यूयॉर्कमध्ये ज्या शब्दाने कोल्ड क्रीम विकली, तो शब्द इथे आधी सिनेमा विकायला वापरला, आणि मग त्या बाईंकडून साबण. त्यांच्या नावापुढच्या पदवीचं वजन त्या काळी केवढं होतं हे आमच्या आजीच्या पिढीला सांगावं लागलं नसतं. सिनेमात काम करणाऱ्या बाईला घरात घेताना लोक दहादा विचार करत. पदवीने तो उंबरठा ओलांडून दिला.

दुसरं उदाहरण मुंबईचंच. लालबागच्या कारखान्यातून गोदरेजचा साबण १९१८-१९च्या सुमाराला बाहेर आला, वनस्पती तेलाचा, प्राण्यांच्या चरबीवाचून केलेला. त्याची शिफारस रवींद्रनाथ टागोरांनी केली. कोलकात्यातल्या जोडासाँकोच्या धनाढ्य घराण्यातले, नोबेल मिळालेले कवी, आणि साबण! पट्टीतलं उत्तर इथे सोपं आहे : त्यांना स्वदेशी माल खपायला हवा होता. परदेशी साबणाच्या तोडीचा साबण इथे होतो हे कुणी तरी वजनदार माणसाने सांगणं भाग होतं.

पॉन्ड्स स्वतः इथे १९४७पासून आहे आणि १९९८मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. हे तळटिपेत.

८ सप्टेंबर

विसर्जन झालं, छापखाना मोकळा झाला. पहिले सनबोर्ड आले. बटाटे सोलणारे हात अपेक्षेहून चांगले उतरले आहेत. सुरीच्या पात्यावरचा उजेडसुद्धा राहिला आहे.

१९४०च्या दशकाचा फलक नुसत्या शब्दांचा केला. 'तिचं लग्न ठरलंय! ती सुंदर आहे! ती पॉन्ड्स वापरते!' या मालिकेत बड्या घरच्या वाङ्निश्चय झालेल्या मुली असत आणि अंगठीचा हिरा जवळून दाखवलेला असे. युद्धाचे दिवस, त्यामुळे नियोजित वर पुष्कळदा सैन्यात. राण्या गेल्या, उपवर मुली आल्या. मला ही मालिका आधीच्या मानाने फिकी वाटते. अल्वाबाईंकडे चळवळ होती, राणीकडे देश होता. या मुलींकडे अंगठीच तेवढी दाखवायला दिली. म्हणून फलकही छोटा.

११ सप्टेंबर

शेवटचा फलक एलिनॉर रूझवेल्ट यांचा. १९५९मध्ये त्यांनी टीव्हीवर गुडलक मार्गारिनची, म्हणजे लोण्याऐवजी पावाला लावायच्या स्वस्त पदार्थाची, जाहिरात केली. माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, जुन्या श्रीमंत घराण्यातल्या, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलेल्या. आणि पाव-मार्गारिनबद्दल बोलतायत. मानधन ३५,००० डॉलर, आणि तो पैसा जगातल्या भुकेल्यांसाठी जावा ही त्यांची इच्छा. अल्वाबाईंसारखंच, पण मध्ये ३५ वर्षं गेलेली, आणि या बाईंनी आपला चेहरा कॅमेऱ्यासमोर आणला. नंतर लोकांची जी पत्रं आली त्यांच्याबद्दल त्यांनीच सांगितलं : निम्म्यांना वाईट वाटलं की मी माझी प्रतिष्ठा घालवली, निम्म्यांना आनंद झाला की मी माझी प्रतिष्ठा घालवली.

ग्रंथपाल मॅडमनी मांडणी पाहून सुचवलं की हा फलक अल्वाबाईंच्या समोरच्या भिंतीवर लावा, दोघींच्या पट्ट्या एका नजरेत वाचता येतील. पटलं. हेलन रिझर यांचे हात मधल्या खांबावर, दोघींच्या मध्ये.

उरलेली कामं : पेअर्सच्या फलकावर १८८४ या सालाचा ठसा पुसट आला आहे, तो बदलून घ्यायचा. कूपनांचा अभ्यास वेगळ्या टेबलावर, कात्री आणि गोंदासह. गोदरेजच्या फलकाला दोन हुक कमी पडतायत. प्रदर्शन १५ तारखेपासून, वाचनालयाच्या वेळेत.